आषाढातलं सैन्य

"हॅलो?… कोण, समाधान? बरं झालं तूच केलास फोन. मीच करणार होते, जरा शांत झाल्यावर… नाही, झालेली नाहीये शांत."

धाकट्या भावाचा आवाज ऐकून शर्मिलाचं डोकं आणखीच तापलं. सात वर्षांपूर्वी सीडीवर आलेला तो परदेशी युद्धाचा खेळ कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडला होता. या दोघांनी त्यात स्वतःची भर घातली, म्हणजे मॉड केला, सह्याद्रीचे घाट आणि किल्ले उभे केले; आणि त्या मॉडपायी पार पोलंडची माणसंसुद्धा तो अजून खेळत होती. आज सकाळी तिने समाधानने केलेली मॉडची नवी आवृत्ती उघडली आणि तिथेच बिनसलं.

"पावसाळा कुठंय?… काढलास? कुणाला विचारून?… अरे, बग कसला, चूक कसली! सैन्य गायब होत नाही, घरी जातं. पेरणीला! दसऱ्याला परत निघतं. शाळेत पोरांना हेच शिकवते मी… हो, हो, कळलं, पोलंडवाल्याने तक्रार केली. मग त्याला समजावायचं, की आषाढात सैन्य घाटात भिजत उभं करायचं?… अरे ऐक ना! कंटाळवाणं? त्या चार महिन्यांत तटाची डागडुजी, धान्य भरणं, हेर पाठवणं… तोच तर डाव आहे! नुसत्या मारामारीचा मूळ खेळ होताच की. वर्षभरात विटले लोक. आपण पाऊस घातला म्हणून तो जगला, समजलं?… ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे… काय म्हणालास? परत म्हण… 'चार-चार महिने घरी कोण जातं'?"

समाधान गेल्या दसऱ्याला हिंजवडीच्या कंपनीत लागला आणि तिथल्याच होस्टेलवर राहू लागला. तेव्हापासून कोथरूडच्या घरी तो एकदाच आला होता, तोही मळके कपडे टाकायला. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

"आई विचारतेय, आज जेवायला येतोस का… रविवारी कसली रे मीटिंग?… तुमच्या कंपनीची बस आपल्या चौकात थांबते, समाधान. रोज बघते मी… रिलीज झाल्यावर, रिलीज झाल्यावर! चौदा एप्रिललाही हेच म्हणाला होतास. आईने खीर झाकून ठेवली होती… ताई-ताई करू नकोस. कागद घे. माझीही एक तक्रार आहे… हो, बगच. लिही. एक शिलेदार दसऱ्याला मोहिमेवर गेला. आषाढ लागला तरी घरी आलेला नाही… लिहिलंस?…  तो आधी दुरुस्त कर. पोलंडवाल्याचं मग बघू. ठेवते."