टोरांटो ते सापगाव

— नाय, तो आवाज त्याच्या विमानाचा नाय! किती येळा सांगू, आई? वरनं घरघर आली का तुमी बोट वर करायचं, दातखीळ बसवायची, आन मी हातात पेजेची वाटी घेऊन ताटकळत बसायचं. लकव्यानं वाचा गेली, हट्ट काय गेला नाय. धाकटा सुयोग येईल, सुयोग भरवील, मंगच खाईन — असंच ना? कालपासनं पोटात घोटभर पेज नाय. उद्या तुमचं कमीजास्त झालं तर गाव कुनाला बोलंल? अनितानं सासू उपाशी मारली, असंच बोलंल.

आवो, टोरांटो म्हंजे काय मुरबाड हाय? स्नेहलनं मोबाइलात बघितलं — तुमचीच नात, ती कशाला खोटं बोलंल — साडेबारा हजार किलोमीटर! सिद्धगडाखालच्या तुमच्या माहेराहून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत यायच्या ना तुमी? तसं चालायला घेतलं तर वरीस जाईल. विमानानं आलं तरी मधे कुठं तरी उतरायचं, दुसऱ्यात बसायचं, वीस-बावीस तास. बसून बसून पाय सुजतात म्हनं. तुमच्या लाडक्याचे पाय सुजलेले चालतील तुमाला? नाय ना? मंग आ करा.

थुंकलात? माझ्या अंगावर? बरं. मंग आता ऐकाच. मागल्या म्हयन्यात आलता तो. हां, आलता! ठान्याला, मेव्हन्याच्या लग्नाला, चांगला आठ दिस. साडेबारा हजार किलोमीटर उडून आला — आन ठान्यावरनं सापगाव दीड तास, तेवढं नाय जमलं त्याला! थोरला तुमचा रातपाळी करून येतो, तुमाला पाठुंगळी घेऊन मोरीत नेतो — त्याच्यासाठी केलं कधी बोट वर? आन हा… फोन तरी केला का, म्हनाल. केला ना, केला. मीच उचलला. रडत होता मेला — वहिनी, उद्या सकाळी येतो, आईला माझ्या हातानं भरवतो. म्हनलं, येऊन काय करशील? आई कुनालाच वळखत नाय आता, तुला बघून अजून बिथरतील, तू आपला —

म्हंजे… मी म्हनलं तसं. म्हनलं तर काय बिघडलं? दोन वर्सं गू-मूत मी काढते. आन तो येनार, एक पेढा भरवनार, फोटो काढनार, निघून जानार — आन आळीभर सुयोग सुयोग! माझ्यानं नाय बघवलं असतं. खरं सांगते, नाय बघवलं असतं.

अशा काय बघता? हात सोडा. सोडा म्हनते ना, नखं लागतात! आता नाय यायचा तो. मेव्हना एकच हाय त्याला, दुसरं लग्न नाय घरात.

हां. रडायला का होईना, उघडलंत ना तोंड? गिळा.