तेविसाव्या ठोक्याला धन्यवाद

सोमवार, दोन तारीख, आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही, हवा अशी दमट की रंध्याची पाती पुसून ठेवली तरी दुपारपर्यंत तांबूस... आता तुम्ही म्हणाल, याला हवेचं काय पडलंय. पडलंय, कारण दमट हवेत लाकूड फुगतं. मी सुतारकाम शिकवतो. बावीस वर्षं झाली. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याच्या टोकाला त्या भोकात बसेल अशी जीभ काढायची, तिला आम्ही कुसू म्हणतो, आणि ते कुसू भोकात ठोकून बसवायचं. हा आमचा पहिला धडा. कोरड्या हवेत नऊ ठोक्यांत बसतं, दमट हवेत चौदा. वहीत आहे. बावीस वर्षांच्या बावीस वह्या आहेत, रोजची हवा आणि रोजचे ठोके. मी काही फेकून देत नाही. हे लक्षात ठेवा, माझं सगळं वाटोळं त्यातूनच झालंय.

तर त्या सोमवारी मोठ्या साहेबांची नोटीस आली. मोठे साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. बोलतात कसे, तर समोर माइक असल्यासारखे. ‘‘प्रत्येक विषयाचा एक ऑनलाइन धडा. व्हिडिओ आणि स्लाइड यांचा मेळ असलेला. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. ज्या विषयाचा धडा नाही, तो विषय पुढच्या वर्षी नाही.’’ मी विचारलं, साहेब, आणि कार्यशाळा? ते म्हणाले, ‘‘विषय नाही तर खोली कशाला?’’ शेजारी भूगोलवाले उभे होते. त्यांनी लगेच मान वळवून माझ्या खिडक्या मोजल्या. चार आहेत. पूर्वेला दोन, उत्तरेला दोन. भूगोलवाल्यांच्या खोलीला एकच आहे, तीही जिन्यात उघडते. ‘‘नाही हो, सहज बघितलं,’’ म्हणाले. सहज. सहज बघणारा माणूस पडद्यांचं माप घेतो का?

आणि मी कुठे जाणार, तर ग्रंथालयात, पुस्तकांना कव्हरं घालायला. तेही साहेबांनी ठरवून ठेवलेलं.

मग गेलो संगणकवाल्या मॅडमकडे. बाई फार चांगल्या, कधी आवाज चढवत नाहीत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट सोपी वाटते. ‘‘सर, एकदम सोप्पंय. डावीकडे तुम्ही बोलताना दिसणार, उजवीकडे स्लाइड. तुम्ही ज्या क्षणी पुढच्या मुद्द्यावर जाल त्या क्षणी स्लाइड बदलणार, आणि सॉफ्टवेअर तो क्षण लक्षात ठेवणार. मग मुलांनी नुसतं स्लाइडच्या नावावर क्लिक केलं की व्हिडिओ बरोबर तिथे जातो.’’ मी म्हटलं, वा. पण माझे दोन्ही हात कामात असतात, एका हातात पटाशी, एका हातात लाकडी हातोडा, बटण दाबणार कोण? मॅडम हसल्या. ‘‘त्याचीही सोय आहे सर. टेबलावर एकदा टक् करा. माइकला ऐकू जातं, स्लाइड आपोआप पुढे. भूगोलच्या सरांनी तसंच केलं.’’

मी वहीत लिहून घेतलं. टक् केलं की स्लाइड पुढे. लिहिलं, खाली रेघ मारली, आणि तरीही, तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बावीस वर्षं ठोकतोय मी. मला माझा ठोका ऐकूच येत नाही आता.

चोवीस स्लाइड केल्या. प्रत्येक आकृती हाताने काढली, पटाशी कुठल्या कोनात धरायची, काटकोन तपासायचा गुण्या कुठे लावायचा. पहिली स्लाइड ‘सांधा म्हणजे काय’, शेवटची ‘धन्यवाद’, कारण मॅडम म्हणाल्या शेवटची तीच असते. संगणक म्हणेल ते मुकाट करायचं. लाकूड असं नसतं हो. लाकडाला तुम्ही काय करताय ते कळतं, जोर जास्त झाला तर लगेच सांगतं, चिरतं, करकरतं. लाकूड परवडलं.

मंगळवारी रेकॉर्डिंग केलं. स्क्रीन माझ्या पाठीमागे, कॅमेरा समोर, माइक बाकावर. एक मिनिट पन्नास सेकंद मी प्रस्तावना केली. मग म्हटलं, आता भोक पाडू. पटाशी ठेवली आणि ठोकायला लागलो. एकेक ठोक्याला सांगत होतो, बघा, कड धरून, बघा, आता उलट बाजूनं, बघा, घाई करायची नाही... एकेचाळीस मिनिटं वीस सेकंद. असा मनापासून मी प्रत्यक्ष वर्गातसुद्धा शिकवलेलं नाही.

संध्याकाळी घरी बायकोला दाखवलं. ती चहाचा कप घेऊन बसली. दोन मिनिटं बघितलं, मग पुढे वाकली, चष्मा लावला.

‘‘अहो, हे धन्यवाद कोणाला?’’

‘‘ते शेवटी येतं.’’

‘‘शेवटी कुठे, तुमचं तर अजून भोकसुद्धा पडलं नाहीये.’’

बघितलं तर खरंच. प्रत्येक ठोक्याला एक स्लाइड. पटाशी, टक्, गुण्या, टक्, कुसू, टक्, गोंद, टक्... चोवीस स्लाइड, तेवीस ठोके, बावन्न सेकंद. मी अजून पहिली कड कापतोय आणि उजवीकडे मोठ्या अक्षरात ‘धन्यवाद’. ते तिथे अडतीस मिनिटं अडतीस सेकंद. मी घाम पुसतोय, धन्यवाद. लाकूड उलटं करतोय, धन्यवाद. एकदा पटाशी निसटून माझ्या अंगठ्याला लागली, मी कळवळलो, धन्यवाद. बायको हसून हसून कप खाली ठेवायला जागा शोधत होती. मी म्हटलं, तुला हसू येतंय, माझी खोली चाललीय. तशी तिने कप खाली ठेवला. म्हणाली, ‘‘पुसून टाका ते.’’ आणि मी काय केलं? फाइलला नाव दिलं, ‘पहिला, चुकलेला, ठेवावा’, आणि सॉफ्टवेअरमध्येच ठेवला. सवय. चुकलेला सांधासुद्धा मी ठेवतो, कुठे चुकलं ते मुलांना दाखवायला.

बुधवारी पुन्हा मॅडम.

‘‘सर, मग तुम्ही ठोकू नका ना.’’

‘‘मॅडम, सुतारकाम आहे.’’

‘‘मग जरा हळू ठोका?’’

आता काय सांगायचं? माइकची ताकद कमी केली, तर त्याला माझ्या बोटाची टकटक ऐकू येईना, हातोडा मात्र येई. हातोड्याला टॉवेल गुंडाळला, तर ठोका मऊ आणि कुसू बाहेर. मी कॅमेऱ्यासमोर टॉवेल बांधलेला हातोडा घेऊन एका लाकडाला थोपटतोय, जसं काही ते झोपावं म्हणून... भूगोलवाले दारातून डोकावले, ‘‘कसं चाललंय सर?’’ आणि पुन्हा खिडक्यांकडे बघून गेले. लाकूड परवडलं, तुम्हाला सांगतो, भूगोल नाही परवडत.

मग मॅडम म्हणाल्या, ‘‘आवाजाचं बंद करू. कोणीतरी शेजारी बसून बटण दाबा.’’ कोणीतरी म्हणजे कोण? बायकोने सुट्टी काढली. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते ती, दिवसाला दोनशे माणसांना बटण दाबून नंबर देते, तिला हे काय अवघड? पण पहिल्याच खेपेला माझं वाक्य सुरू व्हायच्या आत स्लाइड बदलायला लागली. मी म्हणायचो, ‘‘आता आपण बघू...’’ की उजवीकडे गुण्या हजर. मी थांबलो. म्हटलं, अगं, मला बोलू तरी दे.

‘‘तुम्ही काय बोलणार ते मला पाठ आहे. जेवताना तेच बोलता.’’

दुसऱ्या खेपेला मी बजावलं, माझं वाक्य संपल्यावरच दाबायचं. तर कुसू भोकात शिरायला लागलं आणि हिचा हात माउसवर तसाच. तोंड उघडं. ‘‘अय्या, हे असं बसतं होय? बिनखिळ्याचं?’’ रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. चोवीस वर्षं झाली लग्नाला, घरातल्या सगळ्या खुर्च्या मी केल्या, आणि तिला त्या खिळ्यांच्या वाटत होत्या. राग यायला हवा होता, खरं सांगू का, नाही आला. उलट आणखी एकदा बसवून दाखवलं. तेवढ्यात बॅटरी संपली.

गुरुवारी मॅडमनी शेवटचा उपाय सांगितला. आधी नुसता व्हिडिओ घ्यायचा, मग प्रत्येक स्लाइडसमोर मिनिट आणि सेकंद हाताने लिहायचे. अहो, हे आधी का नाही सांगितलं? मिनिट आणि सेकंद लिहिणं हेच तर मी आयुष्यभर केलं! व्हिडिओ घेतला, घड्याळ लावून बसलो, चोवीस वेळा वहीत टिपल्या, दोनदा तपासल्या, मग घातल्या. काय मेळ बसला... कुसू भोकात बसावं तसा. मी ‘पटाशी’ म्हणतोय, पटाशी येतेय. डोळे भरून आले.

खाली लाल अक्षरात, मेळ शहाण्णव टक्के.

‘‘सर, सतरावी स्लाइड सहा मिनिटं थांबलीय,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘सॉफ्टवेअर दोनच गोष्टी बघतं. सगळ्या स्लाइड आल्या का, आणि कुठली चार मिनिटांच्या वर रेंगाळली का. शेवटची सोडून, तिला मर्यादा नाही.’’

‘‘सतराव्या स्लाइडला गोंद आहे मॅडम. गोंद धरेपर्यंत थांबावं लागतं.’’

‘‘तेवढं कापून टाकू.’’

कापून टाकू म्हणे. मी सहा मिनिटं कापली तर मुलांना वाटणार गोंद लावला की लगेच हलवायचं, आणि त्यांचा प्रत्येक स्टूल जन्मभर डुगडुगणार. त्यावर बसणाऱ्यानं कोणाला शिव्या द्यायच्या? मी म्हटलं, गोंद कापणार नाही. शंभर टक्क्यांच्या खाली धडा मंजूर होत नाही, मॅडम म्हणाल्या. मग रात्रभर विचार करून मी सतराव्या स्लाइडच्या दोन केल्या. एक, ‘गोंद लावला आहे’. दुसरी, ‘गोंद अजून धरतो आहे’. तीन-तीन मिनिटं. शुक्रवारी चार वाजून पन्नास मिनिटांनी शंभर टक्के झाले, हिरवे. मी बाक झाडला. मॅडमनी स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

पाच वाजून एक मिनिटाने बघतो तर वर काय गेलेलं?

‘पहिला, चुकलेला, ठेवावा.’

नाही, तुम्हीच सांगा, हे कसं सुचायचं माणसाला? पाचच्या ठोक्याला प्रत्येक विषयाचा ज्याला जास्त टक्के तो धडा आपोआप वर जातो. त्या पहिल्याचेही शंभर भरले होते. सगळ्या स्लाइड आल्या? आल्या, बावन्न सेकंदांत. कुठली रेंगाळली? कुठलीच नाही, शेवटची सोडून, आणि तिला मर्यादा नाही. दोघांची बरोबरी झाली की सॉफ्टवेअर आधीच्या तारखेचा धरतं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. ‘‘सर, तुम्ही तो पुसला नव्हता?’’ बायकोनेही तेच सांगितलं होतं, पुसून टाका. खाली काढता येईना, त्याला समितीचा ठराव लागतो म्हणे, आणि समिती सोमवारी.

शनिवार, रविवार मी कार्यशाळेतली हत्यारं मोजली. दोनदा. भूगोलवाल्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, ‘‘सर, तुमच्याकडे ऊन सकाळी किती वाजता येतं?’’ मी खरं ते सांगितलं. सात वाजून दहा मिनिटांनी. खोटं कसं सांगणार, वहीत आहे.

सोमवारी समितीसमोर मोठे साहेब कागद वाचायला लागले. मी ग्रंथालयाकडे तोंड करूनच बसलो होतो. ‘‘सुतारकाम,’’ साहेब म्हणाले, ‘‘मेळ शंभर टक्के. पाहणारे सहाशे चार. भूगोल, पाहणारे अकरा.’’ भूगोलवाले म्हणाले, साहेब, तो धडा तुम्ही स्वतः पाहिला का? साहेबांनी चष्मा काढला. ‘‘सर्वाधिक वेळ पाहिली गेलेली स्लाइड, धन्यवाद. यावरून शिक्षकाची विद्यार्थ्यांबद्दलची भावना दिसते. सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे.’’ आणि टाळ्या. मी उठून सांगायला गेलो की साहेब, ती चूक आहे, बरोबर धडा दुसराच आहे, त्यात गोंदसुद्धा आहे. मॅडमनी टेबलाखालून माझा शर्ट ओढला. मी बसलो. लाकूड परवडलं हो, लाकूड चुकीला शंभर टक्के देत नाही.

पुढच्या महिन्यात वर्ग सुरू झाला. गेल्या वर्षी नऊ जण होते, या वर्षी सव्वीस. बाकांना जागा पुरेना. पहिल्या दिवशी मी तयार कुसू तयार भोकात बसवून दाखवतो, तसं सगळ्यांना जवळ बोलावलं, हातोडा उचलला, पहिला ठोका मारला.

त्या दिवशीची नोंद वाचून दाखवतो. सोमवार, सहा तारीख. आभाळ निरभ्र, हवा कोरडी. विद्यार्थी सव्वीस, सर्व हजर. कुसू नऊ ठोक्यांत बसलं. प्रत्येक ठोक्याला सव्वीस जण एकदम ‘धन्यवाद’ म्हणाले. एकूण धन्यवाद दोनशे चौतीस.