पॅरिसचा फॅमिली सेक्शन

पॅरिसला जाणार असाल तर जा, पण आमच्या अब्बांना विचारून जाऊ नका.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी दहावीत होते आणि आम्ही सौदीतल्या जेद्दात राहायचो. तिथे हॉटेलांना दोन दरवाजे असायचे, एक एकट्या पुरुषांचा आणि दुसरा फॅमिलीचा. सुट्टीत पॅरिसला गेलो, तर दोन दिवस हलाल काही सापडेना. पाव-केळ्यांवर दिवस काढले. तिसऱ्या दिवशी अम्मी एका हॉटेलात शिरायला लागली, तर अब्बांनी तिला दारातच अडवलं. "हा फॅमिलीचा दरवाजा नाही."

"अब्बा, इथे तसं नसतं," मी म्हटलं.

"तू पॅरिसला किती वेळा आलीयस?"

"पहिल्यांदाच."

"मग गप्प बस. यल्ला, चला!"

इमारतीला वळसा घालून आम्ही मागच्या गल्लीत आलो. तिथला एक दरवाजा उघडा होता. अब्बा सरळ आत. समोर उष्ट्या भांड्यांचा ढीग आणि हातात सुरी घेतलेला आचारी! मला वाटलं, आता पोलीस येणार. अब्बांनी मात्र तीन बोटं दाखवून खणखणीत अरबीत सांगितलं, "फॅमिली आहे. तिघं."

आचारी निघाला मोरोक्कोचा. अरबी ऐकून तो इतका खूश झाला, की स्वतःसाठी शिजवलेली हलाल कोंबडी त्याने आमच्यापुढे ठेवली. बटाट्याच्या पोत्यांवर बसून आम्ही पोटभर जेवलो.

पुढच्या वर्षी शेजारचे काका पॅरिसला निघाले. अब्बांनी त्यांना बजावून सांगितलं, "फॅमिली सेक्शन मागच्या गल्लीत असतो. पाटी लावत नाहीत, बेधडक आत शिरायचं."