सात रविवार

वन्सं : थांब, हात लावू नकोस. आधी मला नीट बघू दे.

वहिनी : बघायचं काय राहिलंय, वन्सं? सात कोंबड्या गेल्या. कोपऱ्यात त्या पाच बसल्यात, त्यांना धड उठवतही नाही. तुम्ही आधी आत चला, चहा घ्या. पहिल्या बसने आलात, तोंडसुद्धा धुतलं नसेल.

वन्सं : तोंडाचं मी बघेन. फोनवर काय म्हणालीस तू? कोल्हा?

वहिनी : कोल्हाच. टेकडीमागे आहेत म्हणतात. मी सहाला दाणे घेऊन आले, तर हे असं. पांढरी पिसं सगळीकडे. मला आधी वाटलं, कुणी उशी फाडून टाकलीय.

वन्सं : कोल्ह्याने सात मारल्या, आणि सातच्या सात इथेच टाकून गेला?

वहिनी : घाबरला असेल.

वन्सं : कुणाला? तुला?

वहिनी : चेष्टा नका करू हो.

वन्सं : चेष्टा नाही करत. तीस वर्षं मटणाच्या दुकानात उभी राहिले मी. मेलेली कोंबडी मला वाचता येते. कोल्हा पोटासाठी येतो. एक उचलतो, तोंडात धरतो आणि चालायला लागतो. मुंगूस असतं तर मानेला बारीक भोक दिसलं असतं, आणि खुराड्याच्या जाळीला पडलंय एवढं भगदाड त्याला लागलंच नसतं. ही बघ. पाठ चिरडलीय, पंख ओढलाय, खाल्लेलं काहीच नाही. हे भुकेपोटी केलेलं नाही. कुणीतरी खेळलंय.

वहिनी : असं कोण खेळेल?

वन्सं : बघू. जाळी कुणी लावली?

वहिनी : मीच. ह्यांची जुनी गंजून गेली होती. दुकानदार म्हणाला, कोंबडीजाळी न्या, सगळे हीच नेतात.

वन्सं : ही कोंबडी आत ठेवायला ठीक आहे. बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही, दाताने तुटते. आणि खाली काय केलंस?

वहिनी : कडेने विटा लावल्या होत्या.

वन्सं : विटा पायाने सारल्यात, त्या बघ. दादा काय करायचा माहितीये? जाड जाळी बाहेरच्या अंगाला हातभर जमिनीवर आडवी पसरायचा, वर माती लोटायचा. उकरणारं जनावर खुराड्याला नाक लावूनच उकरतं. पायाखाली जाळी लागली की तिथेच खरवडत बसतं. हातभर मागे सरून उकरावं, एवढं त्याला सुचत नाही.

वहिनी : मला कधी सांगितलं नाही ह्यांनी.

वन्सं : तू कधी विचारलंस?

वहिनी : नाही. कोंबड्या म्हणजे त्यांचंच सगळं. मी नुसती ओरडायचे, वास येतो म्हणून.

वन्सं : आणि या बॉयलरच्या जातीला अंगाशिवाय काही नाही. गावठी असती तर उडून झाडावर बसली असती. या नऊ आठवड्यांत एवढ्या फुगतात की स्वतःचं ओझं झेपत नाही. जाळीला टेकून झोपतात, पानात वाढल्यासारख्या. बाजूला हो जरा, पाय बघू दे.

वहिनी : कसला पाय?

वन्सं : मातीत उमटलाय तो. नळ ठिबकतोय म्हणून ओल आहे, बरं झालं. हा बघ. रुंद पंजा, पुढे नखं. कोल्ह्याचा अरुंद असतो, लांबट. हे कुत्रं आहे, वहिनी. चांगलं मोठं.

वहिनी : भटकं असेल.

वन्सं : भटकं कुंपणावरून कसं आलं? कुंपण शाबूत आहे, मी येतानाच पाहिलं. फाटकाची कडी मात्र काढलेली होती.

वहिनी : राहिली असेल. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली.

वन्सं : तुझ्या? वहिनी, तू झोपायच्या आधी गॅस तीनदा बघतेस. आम्ही तुला हसायचो.

वहिनी : माणूस बदलतं.

वन्सं : आणि मागच्या दाराशी ती जर्मनची ताटली आहे, चाटूनपुसून लख्ख, ती कुणासाठी?

वहिनी : राहिली तिथे. आत नेते मी.

वन्सं : मी पोलीस नाही. नसेल सांगायचं तर नको सांगूस.

वहिनी : पाहुणा आहे तो.

वन्सं : कोण?

वहिनी : पलीकडच्या पोस्टमनचा कुत्रा. नाव काहीतरी दुसरं आहे, मी पाहुणा म्हणते. पोस्टमन पहाटे पाचलाच सॉर्टिंगला जातो, जाताना ह्याला मोकळा सोडतो. तो सरळ आमच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. हिवाळ्यात एकदा आत घेतला. मग रोजच यायला लागला. मी दार उघडते तेव्हा पायरीवर बसलेला असतो. म्हणून कडी काढून ठेवते. फाटक वाजलं की कळतं, कुणीतरी आलं.

वन्सं : म्हणजे तुला सकाळीच माहीत होतं.

वहिनी : तोंडाला पिसं चिकटली होती त्याच्या. शेपूट हलवत उभा होता. काहीतरी मोठं काम करून आल्यासारखा.

वन्सं : मग मला कोल्हा कशाला सांगितलास?

वहिनी : कुत्रा म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोस्टमनला सांग. पोस्टमनला सांगितलं तर तो साखळीला बांधणार. मग रोज सकाळी इथे कोण येणार? तुम्ही?

वन्सं : मला येऊ नकोस म्हणालं कोण?

वहिनी : मी.

वन्सं : 'माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.' याच अंगणात. दादाची बॅग गाडीत ठेवत होते मी.

वहिनी : मी रागात बोलले.

वन्सं : आठ महिने?

वहिनी : बोलले एक मिनिट. आठ महिने तुम्ही मनावर घेतलंत.

वन्सं : वहिनी, तुझं मनगट मोडलं होतं. दादा दोनदा हायवेवर सापडला, एकदा तर नुसत्या बनियनवर. तुला उचलत नव्हता, आवरत नव्हता. मी त्याला त्या स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवला नसता, तर तुम्हा दोघांपैकी एकाला खांद्यावर न्यावं लागलं असतं.

वहिनी : माहितीये मला.

वन्सं : माहितीये तर मग?

वहिनी : तुमचं बरोबर होतं, हाच तर राग होता. तुमचं चुकलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी फोन केला असता.

वन्सं : बस इथे. बादलीवर बस. पालथी आहे ती.

वहिनी : सात रविवार गेले हो माझे.

वन्सं : कसले रविवार?

वहिनी : तुम्हाला कसं माहीत असणार. तिथलं जेवण ते गिळत नाहीत. सगळं एका चवीचं, पांढरं, लिबलिबीत. वजन उतरत चाललं होतं. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, रविवारी घरून आणलेलं चालेल. मी एकदा बाजारातल्या कोंबडीचं सूप नेलं. एक चमचा घेतला आणि वाटी सरकवली. मग वाटलं, अंगणातल्या कोंबडीचं ओळखतील. पंधरा पिल्लं आणून वाढवली. तीन रविवार झाले, तीन कोंबड्या झाल्या. वाटी पुसून खातात. बोटं चाटतात. पंधरा म्हणजे पंधरा रविवार, असं धरून चालले होते मी. त्या पुढचं मी बघत नाही.

वन्सं : अगं वेडे, पंधरा आठवडे या जातीची कोंबडी टिकत नाही. बाराव्या आठवड्यात छाती भरून आपोआप पडते. ही सगळी आतापर्यंत कापून फ्रीजरमध्ये जायला हवी होती.

वहिनी : तेही ठाऊक आहे.

वन्सं : मग का ठेवल्यास?

वहिनी : कापल्यावर अंगण रिकामं झालं असतं. आता सकाळी दाणे टाकायचे असतात, पाणी बदलायचं असतं, उन्हं आली की पोतं बांधायचं असतं. त्या काही बोलत नाहीत, पण मी आले की सगळ्या एकदम वळून बघतात. घरात तेवढं कुणी बघत नाही माझ्याकडे.

वन्सं : सुरी आहे का धार लावलेली?

वहिनी : ह्यांची आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर. आधीच्या तीन मी नाक्यावरच्या दुकानातून कापून आणल्या. मला नाही जमत.

वन्सं : तू करू नकोस. तू पाणी तापव, मोठ्या पातेल्यात. उकळू देऊ नकोस, बोट क्षणभर टेकेल एवढंच. पाचही आज होतील. चार फ्रीजरमध्ये, एक उद्यासाठी. उद्या रविवार आहे. या सात मात्र पुराव्या लागतील, खोल. कुत्र्याने तोंड लावलेलं दादाला घालायचं नाही.

वहिनी : आणि पाहुणा?

वन्सं : ते तू ठरव. कुत्र्याची चूक नाही. फाटक तू उघडलंस, खुराड्याची जाळी तू लावलीस, आत पळता न येणारं जनावर ठेवलंस. त्याने कुत्र्याचं काम केलं. पण एकदा चटक लागली की तो गप्प बसणार नाही. आज तुझ्या, उद्या आणखी कुणाच्या. मग त्याला साखळीने नाही, काठीने घेतील.

वहिनी : म्हणजे सांगायलाच हवं.

वन्सं : पोस्टमन कधी येतो घरी?

वहिनी : आज शनिवार. अकराला येतो.

वन्सं : मग अकरा वाजलेच. मी येऊ सोबत?

वहिनी : नको. माझ्या घरातलं मी सांगते.

(वहिनी पलीकडे जाऊन अर्ध्या तासाने परत येते. तोवर वन्संनी भगदाडाशेजारी हातभर खड्डा खणलेला आहे.)

वन्सं : झालं?

वहिनी : सांगितलं. त्याने सात कोंबड्यांची भरपाई विचारली, मी नाही म्हटलं. बांधतो म्हणाला. लगेच बांधलाही, माझ्यासमोर. पाहुणा माझ्याकडेच बघत होता, मी सोडवीन म्हणून.

वन्सं : तू काय केलंस?

वहिनी : काय करणार? वळले. फाटकापाशी पोस्टमन म्हणाला, 'काकू, तो तुमच्याकडे येतो हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मी फिरवायला नेतो, तुम्हाला यायचं असेल तर हाक मारतो.'

वन्सं : जाणार आहेस?

वहिनी : बघते. आधी चालायला जोडे लागतील. हे काय, खड्डा लहान आहे वन्सं. सात जणी मावायच्या नाहीत.

वन्सं : मावतील. पण जरा रुंद करू. ती कुदळ दे इकडे. आणि ऐक, मी दोन दिवस राहते. जाड जाळी आणू, दादा लावायचा तशी लावू. पुढच्या वेळी गावठी पिल्लं घे, सहाच. ती स्वतःला सांभाळतात थोडीफार.

वहिनी : उद्या तुम्ही याल ना? केंद्रात?

वन्सं : नको गं. दोन महिन्यांपूर्वी गेले होते मी. तुला सांगितलं नाही. मला बघून तो उठून भिंतीकडे तोंड करून बसला. तासभर. बसमध्ये मला काही दिसत नव्हतं, दोन स्टॉप पुढे उतरले.

वहिनी : मला ते 'नव्या बाई' म्हणतात.

वन्सं : काय?

वहिनी : दर रविवारी. 'नव्या बाई, मीठ बरोबर आहे,' म्हणतात.

वन्सं : तू कधी बोलली नाहीस हे.

वहिनी : कुणाला बोलणार होते?

वन्सं : मग तिथे दोघं करता काय तुम्ही?

वहिनी : काही नाही. ते जेवतात. मी बसते.

वन्सं : बसायला जागा असते? दोघींना?

वहिनी : बाकडं आहे. लांब आहे तसं.