सात नंबरचा जोड

— कुणीतरी वेल्डिंगचे रॉड सुकवायच्या भट्टीचा प्लग काढला होता, मॅडम. कोण, ते विचारू नका. शेडमध्ये प्लग एकच, माणसं अकरा, प्रत्येकाच्या खिशात मान टाकलेला फोन — कुणाचं नाव घेऊ? मी एवढंच म्हणतोय, पुलाचा गर्डर उचलायच्या आधी सात नंबरचा जोड परत तपासा. हो, परवा तपासलात, मशीनवर काही दिसलं नाही, सही केलीत — माहितीये, वेल्डिंग माझंच होतं. पण तेव्हा जोड अजून कोमट होता हो. ओल धरलेल्या रॉडचा जोड लगेच नाही फुटत. दोन दिवस पाहुण्यासारखा गुमान बसतो, मग आतल्या आत तडा जातो — आणि वरून बघाल तर कसा देखणा. एकवीस वर्षांत माझा एक जोड परत आला नाही, मी उगाच स्वतःच्या कामाला नावं ठेवीन?

रॉड ओले होते हे मला कसं कळलं? अहो, सकाळी भट्टी उघडली तर आत गार. रात्रभर बंद. चालू केली, अर्ध्या तासात हाताला चटका बसला, म्हटलं झालं. झालं कुठलं — दोन तास कडक भाजायला हवे होते, मला काय ठाऊक नाही? पण मुकादम डोक्यावर उभा, आणि रात्रभर जागून माझं चित्त थाऱ्यावर नाही — आदल्या संध्याकाळी पोरीला कळा सुरू झालेल्या, जावई म्हणाला होता फोन चालू ठेवा, आता फोन चार्जिंगला लावायचा तर प्लग —

हां. मीच काढला. रात्री नात झाली म्हणून कळलं, तसाच दवाखान्यात पळालो. प्लग परत लावायचा राहिला.

आता कळलं ना? माझं वेल्डरचं कार्ड काढून घ्या, उद्यापासून घरी बसवा. पण जोड उकरून नव्याने करू द्या. दिलेली सही मागे घ्यायची म्हणजे जिवावर येतं, मान्य — तुमची नोकरी नवी, वरचे बोलतील. बोलू देत की. खालून रोज माणसं जाणार आहेत, मॅडम. कागदाकडे नका बघू, माझ्याकडे बघा. क्रेनवाल्याला नुसता हात दाखवा. नाही? मग मी हा इथे, गर्डरखाली उभा राहतो. उचला म्हणावं —

गर्डरखाली माणूस दिसताच क्रेनचं इंजिन थांबलं. चालकाने केबिनमधून मान बाहेर काढली.

“मामा, इंजिनच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. मॅडमना काय सांगत होतात? मोठ्याने सांगा, सगळे थांबलेत.”