फोडणीवर आलेला आळ

मंडळी, ऐका. घरात काही बिघडलं, की दोष शोधायला माणूस पहिल्यांदा कुणाकडे बघतो? स्वतःकडे? छे — इतकं जवळचं दिसतंय कुणाला!

वसमतला भागवत नावाचा पेंटर होता. ट्रॉल्यांवर, दुकानांवर अक्षरं काढायचा. अक्षर असं, की गिऱ्हाईक दुकानात शिरायचं विसरून पाटीच बघत उभं राही. पण लग्नानंतर दोन वर्षांत त्याची रेघ वाकडी पडायला लागली. एका दिव्याचे तीन दिवे दिसायचे. चष्म्याचा नंबर सहा-सहा महिन्यांनी बदलायचा. कामं सुटायला लागली.

त्याच्या आईनं, प्रयागबाईंनी, घरबसल्या निदान केलं — सुनेची फोडणी! संजीवनी मिरच्या तडतडवते, त्या खाटानं, तिखट धुरानं, माझ्या लेकाचे डोळे गेले. झालं, फोडणी बंद. वर्षभर बिनफोडणीचं वरण! मंडळी, डोळे होते तसेच, वर जिभेचीही वाट लागली. संजीवनी तसंच रांधत राहिली. शेवटी तिनंच हट्ट धरला आणि तिघं नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी मशीनवर तपासलं. म्हणाल्या, बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येतेय. डोळे चोळता का? भागवत म्हणाला, लहानपणापासून खाज येते, चोळतो. ॲलर्जी? आहे. घरात आणखी कुणाला हे दुखणं?

प्रयागबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं काही नाही, हिला विचारा. आणि हे सांगताना दोन्ही मुठींनी डोळे चोळत होत्या — कणीक तिंबावी तशा!

संजीवनी सासूकडे बघत हळूच म्हणाली, "मॅडम, आत्याबाईंचेही डोळे बघता का?"

बघितले. तेच दुखणं, जरा कमी.

बाई म्हणाल्या, कधी कधी हे घराण्यातून येतं, त्यात कुणाचा गुन्हा नाही. चोळण्यानं मात्र वाढतं, तेवढं सोडा. परतताना बसमध्ये प्रयागबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, हात मांडीखाली दाबून.

पुढे भागवतच्या डोळ्यांवर औषध आणि प्रकाशाचा उपचार झाला. बिघडलं ते पूर्ण सुधारलं नाही, पण पुढचं बिघडणं थांबलं. खास लेन्स लावून त्यानं पुन्हा ब्रश धरला, त्या दिवशी प्रयागबाईंनी स्वतः कढईत मिरच्या टाकल्या आणि सुनेला म्हणाल्या, "वर्षभर तुला उगीच बोलले गं. ये, चव बघ."

तेव्हा मंडळी, लेकरू सारखं डोळे चोळत असेल, तर त्याचा हात धरा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. आणि खांबाला टेकलेले काका, तुम्ही मघापासून चोळताय — झोपेनं, की कुणाची आठवण झाली म्हणून? हात खाली घ्या. घरी जा, आणि ज्याच्यावर आळ घेतलाय, त्याच्याकडे एकदा नीट बघा.