विहिरीला सांगितलेलं स्वप्न

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगमहाराज, तुम्हीही दम घ्या. काल्याचं कीर्तन आहे, वर हंडी टांगलेली आहे, पोरांचा सगळा जीव त्या हंडीत! फुटणार आहे बाबांनो, पळून जात नाही ती! त्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका.

समजा — एका आईचं लेकरू कुणी उचलून नेलं. मारलं. पोलिसांनी एक माणूस धरला. कोर्टात तो समोर उभा आहे, आणि आईनं नुसतं ‘हो, हाच’ म्हटलं की त्याचा जन्म तुरुंगात गेला, नाहीतर फासावर! आणि नेमक्या त्याच क्षणी त्या आईला आपल्याच शब्दाची शंका आली! काय करावं हो तिनं? शंका बोलावी, की गिळावी?

गिळावी? अहो मावशी, मान हलवलीत ती दिसली मला! चुकलं नाही तुमचं. आईचं काळीज आहे. पण ऐका.

आंबेतळ नावाचं गाव. नदीच्या काठाला. हिवाळ्यात तिथं धुकं असं पडायचं की समोरचा काठच नाहीसा व्हायचा. घाटावर उभं राहिलं तर वाटायचं, जग इथंच संपलं, पुढं सगळा कापूस! त्या धुक्यातून वल्ह्याचा आवाज यायचा — चुबुक, चुबुक — आणि मग हळूच होडीचं टोक दिसायचं. होडी लहानू नावाड्याची. अख्ख्या गावात होडी एकच.

त्या गावाची एक रीत होती. वाईट स्वप्न पडलं तर माणसाला सांगायचं नाही. आधी विहिरीला सांगायचं! पहाटे उठायचं, कुणाशी न बोलता विहिरीवर जायचं, वाकून सांगायचं, एक खडा टाकायचा आणि मागं न बघता घरी यायचं. आणि सांगताना ‘मला स्वप्न पडलं’ असं म्हणायचं नाही बरं का! डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगायचं — ‘म्यां पाह्यलं.’ तरच विहीर ते पोटात घेते. स्वप्न म्हणालात की ते परत तुमच्या घरी!

हसताय? हसा! तुम्ही मांजर आडवं गेलं की मोटारसायकल थांबवता, ते चालतं!

तर त्या गावात गयाबाई. नवरा लवकर गेलेला, एकच लेक — रंगनाथ. आई म्हणायची रंगू. सोळा वर्षांचा, दहावीत. लांब लांब हात, मोठ्यानं हसायचा, भजनात टाळ कायम अर्धी मात्रा पुढं! बुवा ओरडायचे, ‘रंग्या, तुला गाडी गाठायचीय का रे?’

एकदा शाळेत तालुक्याचे साहेब आले, झाडं लावायला. झाडं लावली, फोटो काढले — झाडांचं पुढं काय झालं विचारू नका! जाता जाता साहेब दहावीच्या वर्गात डोकावले. गमतीनं म्हणाले, ‘काय रे पोरांनो, तुमच्या नदीतली वाळू कोण नेतं?’

वर्गात चाळीस पोरं. सगळ्यांना ठाऊक! बिननंबराचे ट्रॅक्टर सगळ्यांच्या दारावरून जायचे. पण चाळीस माना खाली! आणि एकटा रंगनाथ उभा राहिला. म्हणाला, ‘साहेब, आप्पा ठेकेदार नेतात. रोज.’

झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पोरगं दळण आणायला गिरणीवर गेलं, ते परत आलंच नाही. सायकल गिरणीच्या भिंतीला टेकलेली. कॅरिअरला पिठाचा डबा. पीठ अजून कोमट होतं म्हणे.

रात्रभर गाव हाका मारत फिरलं. गयाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. पहाटे बसल्या बसल्या डोळा लागला, आणि तिला स्वप्न पडलं.

काय पडलं? घाट. धुकं. सगळं पांढरं, कुठं आवाज नाही. लहानू नावाड्यानं रंगूचा हात धरलाय. अलगद, जत्रेत लेकराचा धरतात तसा. त्याला होडीत बसवतोय. आणि रंगू हसतोय! आईकडं बघून हसतोय! होडी सुटली, धुक्यात शिरली. आधी होडी गेली, मग रंगू, आणि सगळ्यात शेवटी ते हसू गेलं.

दचकून उठली. धावत विहिरीवर गेली. वाकली आणि बोलली, ‘म्यां पाह्यलं. लहानूनं माझ्या रंगूला हाताला धरून होडीत बसीवलं. धुक्यात नेलं. म्यां पाह्यलं गं माय!’ खडा टाकला. मागं न बघता घरी आली.

मागं बघितलं असतं तर! विहिरीच्या पलीकडं, कडुलिंबाखाली एक हवालदार तोंड धूत उभा होता. रात्रीच्या शोधाला आलेला. बदली होऊन आठच दिवस झालेले, लांबच्या जिल्ह्यातला. त्याला काय ठाऊक या गावात विहिरीशी बोलतात! त्याला वाटलं, बाई शोकानं बडबडतेय, पण बघितलेलं बोलतेय. वाईट माणूस नव्हता हो. कामाला लागला बिचारा.

संध्याकाळी तो गयाबाईच्या दारात. ‘बाई, लहानूनं पोराला होडीत बसवलं ना?’

गयाबाई थरारली! हे याला कसं कळलं? विहीर तर कुणाला सांगत नाही! म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बघितलं! म्हणजे माझं पहाटेचं स्वप्न — खरंच घडलं! तिनं मान हलवली.

बघा गंमत — गंमत कसली, काळजाचं पाणी व्हावं अशी गोष्ट! हवालदार म्हणतो, मला बाईकडून कळलं. बाई म्हणते, हवालदाराला बाहेरून कळलं. दोघंही खरी! आणि दोघांच्या मधे एक स्वप्न साक्षीदार होऊन बसलं.

तिसऱ्या दिवशी पोरगं सापडलं. पलीकडच्या काठाला, बाभळीखाली. मी जास्त सांगत नाही. पलीकडं न्यायला होडी लागते, होडी एकट्या लहानूची. आणि पंधरा दिवसांपूर्वीच, न विचारता होडी सोडून नेली म्हणून लहानूनं रंगूला चारचौघांत मुस्काडलं होतं — ‘तुला नदीतच बुडवीन!’ झालं की! लहानू आत गेला, आणि आप्पाचं नाव कुणी काढलंच नाही.

दोन वर्षं खटला चालला. दोन वर्षं मंडळी! लहानूच्या बायकोला गिरणीवर कुणी रांगेत उभं करेना. घाटावर होडी उन्हानं तडकली. आणि गयाबाई? तिला रोज पहाटे तेच स्वप्न. तिला जेवण नको होतं, माणूस नको होता. पहाट झाली की रंगू दिसायचा. हसत जायचा. तेवढ्यावर ती दिवस काढायची. ‘माझं लेकरू भ्यालं न्हाई,’ ती शेजारणीला सांगायची. ‘हसत गेलं. म्यां पाह्यलं.’

उजाडला साक्षीचा दिवस. सरकारी वकिलांनी विचारलं, तिनं धडाधडा सांगितलं. घाट, धुकं, होडी. लहानू पिंजऱ्यात उभा. दाढी पांढरी झालेली. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

मग त्याचा वकील उठला. नवखा पोरगा, कोट त्याला दोन मापं मोठा! काय विचारावं सुचेना त्याला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘बाई, मुलाच्या अंगात काय होतं?’

गयाबाईनं डोळे मिटले. बघितलं. आणि म्हणाली, ‘निळा स्वेटर. पिवळ्या गुंड्यांचा.’

वकील कागद चाळतोय. पंचनाम्यात पांढरा शाळेचा सदरा! पण गयाबाईला कागद लागलाच नाही. बोलता बोलताच तिनं डोळे उघडले. कारण निळा स्वेटर तिनंच विणला होता. रंगू सात वर्षांचा असताना! तो फाटून, त्याची लोकर उसवून नऊ वर्षं झाली होती.

सरकारी वकील सावरून घ्यायला पुढं झाले, ‘आईचं मन आहे साहेब, कपड्यात गोंधळ होतो. बाई, पांढरा सदरा होता ना?’

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं! सगळं गाव मागं बसलेलं. आणि तिचं काय पणाला लागलं होतं, बघा. लहानू सुटेल, हे तर होतंच. पण ते स्वप्न आहे असं म्हणताच तिचा हसरा रंगूही जाणार होता! मग तो कसा गेला? कुणी धरला? रडला का? आईला हाक मारली का? ते सगळं उघडं पडणार होतं. आईनं कसं बोलावं हो? मला सांगा, कसं?

न्यायाधीश म्हणाले, ‘बाई, आठवून सांगा.’

तिनं लहानूकडं बघितलं. आणि म्हणाली, ‘साहेब, हे म्यां इहिरीला सांगितलं हुतं. माणसाला न्हाई.’

न्यायाधीशांना कळेना. तेव्हा दाराशी उभा असलेला म्हातारा पट्टेवाला हात जोडून म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडं बाया स्वप्नं सांगतात विहिरीला.’

गयाबाई कठडा धरून रडली. म्हणाली, ‘माझ्या रंगूनं खरं सांगितलं म्हणून तो मेला. त्याच्याच नावानं मी खोटं कसं बोलू? म्यां काय बी पाह्यलं न्हाई साहेब. मी उंबऱ्यावर झोपले हुते.’

सरकारी वकिलांनी कागदावर लिहून घेतलं — साक्षीदार फितूर! आई, आपल्याच लेकराच्या खटल्यात फितूर! गावानं तिला घरी यायला गाडीत जागा दिली नाही. एसटीनं आली बिचारी, उभी राहून.

पण मंडळी, त्या दिवशी पिंजऱ्यातल्या लहानूनं दोन वर्षांनी मान वर केली. त्यानं वकिलाला जवळ बोलावलं. त्यानं त्या संध्याकाळी बघितलं होतं! गावाखालच्या उतारावर, जिथून फक्त ट्रॅक्टर पार होतो अशा उथळ पाण्यातून आप्पाचा ट्रॅक्टर पलीकडं गेला, आणि ट्रॉलीत ताडपत्रीखाली काहीतरी हललं होतं. भीतीनं तो बोलला नव्हता. पुढं बोलावं म्हटलं तर आरोपीचं कोण ऐकणार! आता म्हणाला, ‘ती माऊली बोलली, मग मी कशाला भिऊ?’

लहानू सुटला. तपास नव्यानं झाला. आप्पाचे दोन ड्रायव्हर जन्मठेपेला गेले. आप्पा? आप्पा पुराव्याअभावी सुटला. काय करता! मी तुम्हाला घडलेलं सांगतोय, गोड करून नाही सांगत.

आणि गयाबाईच्या स्वप्नात रंगू परत आला नाही. एकदाही नाही! ती पहाटे उठायची, विहिरीवर जायची, वाकायची, आणि सांगायला काही नसायचं. नुसता खडा टाकून यायची. लहानू तिचा हंडा उचलून दारापर्यंत आणून ठेवायचा.

तुम्ही म्हणाल, महाराज, तुम्हाला एवढं बारीक कसं ठाऊक? सांगतो. गयामावशीच्या हातची भाकरी मी खाल्लीय. त्या वर्गात चाळीस माना खाली होत्या ना, त्यातली एक माझी होती! रंगूच्या बाकावर, त्याच्या डाव्या हाताला मी बसायचो. तो उभा राहिला तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? त्याचा सदरा धरून खाली ओढला! म्हटलं, ‘बस की येड्या!’ तो नाही बसला. चाळीसही उभे राहिले असते, तर त्यांनी कुणाकुणाला उचललं असतं हो? माझ्या मुठीत अजून त्या सदऱ्याचं टोक आहे, असं पहाटे कधी कधी वाटतं. आणि ते मी कुठल्या विहिरीला सांगू? ते स्वप्न नाही.

आज सकाळी तुमच्या गावात येत होतो. धुकं होतं. पुलाखाली नदीच्या पात्रात ट्रॅक्टर उभे होते. सात मोजले. एकालाही नंबर नव्हता.

कुणाचे आहेत हो?

बघा. माना खाली गेल्या.

नाही, टाळ उचलू नका. मृदंगमहाराज, थांबा. मी गजर सुरू करणार नाही, हंडीही फुटणार नाही. मला कुठंही जायचं नाही, मी इथंच उभा आहे. रंगनाथ उभा राहिला तेव्हा सोळा वर्षांचा होता. तुमचं वय काय?